खेळण्यातला लेसर आणि खाडीपलीकडचा आवाज

आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानांपासून थोडं पुढे गेलं की खेळण्यांची रांग लागते. तिथल्या ढिगात बोटाएवढा लाल लेसर हमखास असतो. पोरं तो हट्टानं घेतात, चार दिवस भिंतीवरच्या ठिपक्यामागे मांजराला पळवतात, आणि आतले बटण-सेल उतरले की त्याची रवानगी खिळे-स्क्रूच्या डब्यात होते. डब्यातल्या त्या लेसरला कामाला लावण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

काम सांगायला सोपं आहे. लेसरच्या किरणावर माणसाचा आवाज चढवायचा, तो किरण आचऱ्याच्या खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर टाकायचा, आणि तिकडे तो आवाज पुन्हा उतरवून स्पीकरमधून ऐकायचा. मध्ये तार नाही, सिमकार्ड नाही, रेडिओची लहरही नाही. किरणाची तीव्रता आवाजाच्या चढउताराबरोबर कमी-जास्त करत राहायची, एवढंच. याला मॉड्युलेशन म्हणतात. प्रयोगशाळांमध्ये त्यासाठी लाखांची उपकरणं असतात. आपल्या वहीत मात्र खर्चाचा आकडा पाचशे रुपयांच्या आसपास थांबवायचा आहे.

या उद्योगाला खाडीचं गाव सोयीचं. दोन काठांमध्ये पाण्यावरून नजर थेट पोचते. मध्ये माड येत नाहीत, घरं येत नाहीत, विजेच्या तारा येत नाहीत. अंतर काहीशे मीटर, म्हणजे प्रयोगाला आव्हान देणारं आणि तरी हाताबाहेर न जाणारं. आणि इथल्या माणसाला दळणवळण तुटणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले, आणि वाडीतल्या माणसाची खबर घ्यायला चालत जावं लागलं. तरीही आधीच सांगून ठेवतो: ही पुस्तिका वाचून कुणी मोबाइलला पर्याय उभा करणार नाही. वादळात लेसरचा किरण पाचशे मीटरही धड जाणार नाही. इथे मिळेल ती समज, आणि समजेची किंमत वेगळी असते.

लेसरचं नाव काढलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा. किती मिलिवॅटचा? जास्त ताकदीचा कुठे मिळेल? मला हा प्रश्न चुकीच्या टोकाला विचारलेला वाटतो, आणि या सबंध पुस्तिकेचं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर असं: पैसे आणि डोकं बोलणाऱ्या टोकावर कमी आणि ऐकणाऱ्या टोकावर जास्त घाला.

हिशेब करून पाहू. स्वस्त लाल लेसरचा किरण जाता जाता पसरतो, साधारण हजार मीटरला एक मीटर या दराने. म्हणजे पाचशे मीटरवर त्याचा ठिपका अर्धा मीटर व्यासाचा झालेला असतो. त्या उजेडात आपण बीपीडब्ल्यू-३४ नावाचा सहज मिळणारा फोटोडायोड धरला, तर उजेड टिपणारा त्याचा भाग जेमतेम साडेसात चौरस मिलिमीटरचा. ठिपक्यातल्या उजेडाचा सुमारे सव्वीस हजारावा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. आता कायदा आणि डोळे दोन्ही धोक्यात घालून दहापट ताकदीचा लेसर आणला, तर फायदा दहापट. त्याऐवजी फोटोडायोडपुढे दहा सेंटिमीटर व्यासाचं वाचायचं भिंग धरलं, तर फायदा हजारपट. ठिपक्यातला पंचविसावा हिस्सा गोळा होऊन त्या इवल्या चौकोनावर पडतो. भिंग कोणाचे डोळे जाळत नाही, बॅटरी खात नाही, आणि आजोबांच्या टेबलाच्या खणात ते बहुधा आधीपासूनच असतं.

हे शहाणपण नवं नाही. उजेडावर आवाज चढवण्याची कल्पनाच मुळी लेसरपेक्षा ऐंशी वर्षांनी जुनी आहे. ३ जून १८८० या दिवशी वॉशिंग्टनमधल्या फ्रँकलिन स्कूलच्या गच्चीवरून चार्ल्स समनर टेंटर बोलला आणि २१३ मीटर दूर आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बसलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलला ते ऐकू आलं. किरण होता उन्हाचा. बोलणारा एका अतिशय पातळ आरशाच्या पाठीमागे बोलत असे. आवाजाने आरसा किंचित फुगे, किंचित खपाटी जाई, आणि त्यावरून परतणारं ऊन कधी एकवटे, कधी विखुरे. पलीकडे मोठ्या अंतर्वक्र आरशाच्या नाभीशी सेलेनियमचा सेल बसवलेला होता. उजेड वाढला की सेलेनियमचा विद्युतरोध घटतो. त्याला जोडलेल्या बॅटरीचा प्रवाह त्याबरोबर हलतो आणि टेलिफोनच्या कर्ण्यात शब्द उमटतात. बेल या फोटोफोनला टेलिफोनहूनही मोठा शोध मानत असे. जगाने त्याचं ऐकलं नाही, कारण ढग आला की संभाषण बंद. मला त्यात रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. बोलणाऱ्या टोकाला विजेचा थेंबही नव्हता. आरसा आणि सूर्य, बस्स. सगळी वीज आणि सगळी कारागिरी ऐकणाऱ्या टोकाला होती.

हा प्रयोग आजही जसाच्या तसा होतो, म्हणून पुस्तिकेतला पहिला मॉड्युलेटर तोच घेतला आहे. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घ्यायचा, दोन्ही बाजूंची झाकणं कापून काढायची, एका तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधायचं, त्यावर नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवायचा. दुसऱ्या तोंडातून बोलायचं. आरशावर ऊन घ्या किंवा लेसर घ्या, परतलेला किरण समोरच्या भिंतीवर थरथरतो. तो निम्माअर्धा सोलर सेलवर पडेल आणि निम्माअर्धा कडेबाहेर जाईल असा लावला, की थरथर म्हणजेच कमी-जास्त उजेड झाला. आवाज घोगरा येतो, जाड अक्षरं कळतात, ‘स’ आणि ‘श’ गळून पडतात. पण सोलर सेलला जोडलेल्या छोट्या स्पीकरमधून आपलंच गाव आपल्याला हाक मारतं तेव्हा समोर उभा असलेला पोरगा “इलो, इलो, आवाज इलो!” म्हणून जे ओरडतो, ते कुठल्याही महाग यंत्राने साधत नाही.

आपल्याकडे हा धागा फार दूर शोधावा लागत नाही. पहिला लेसर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मायमनने माणकाच्या कांडीतून काढला, आणि गॅलियम आर्सेनाइडचे अर्धवाहक लेसर १९६२ मध्ये आले. त्यानंतर काही वर्षांतच, साठच्या दशकाच्या मध्याला, तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेत (पुढे जिचं नाव भाभा अणुसंशोधन केंद्र झालं) असा अर्धवाहक लेसर बनवला गेला, आणि त्याच्या किरणावरून तुर्भे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा संदेशवहनाचा प्रयोग मुंबईच्या हवेतून झाला. त्या काळचे असले लेसर द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गार ठेवावे लागत आणि प्रकाशाचे क्षणिक झटके देत. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारे डायोड १९७० मध्ये जमले. मग १९८२ मध्ये सीडी प्लेअर आला, नव्वदच्या दशकात डीव्हीडी आली, आणि ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड कोट्यवधींनी बनू लागला. जत्रेतला लेसर स्वस्त आहे तो या सिनेमा बघण्याच्या हौसेमुळे. संदेशवहनाशी त्याच्या स्वस्ताईचा काही संबंध नाही.

आणि ज्याला असं वाटतं की डायोडचा प्रवाह हलवून संदेश पाठवणं हा पोरखेळ आहे, त्याने नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन यावं. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मधोमध गर्दी करून आणि बाकीच्या तीन बाहूंवर कित्येक किलोमीटर पसरलेल्या. आकाशातून आलेला अत्यंत क्षीण रेडिओ संकेत प्रत्येक तबकडीपाशी वाढवतात आणि त्याने एका अवरक्त लेसर डायोडचा उजेड हलवतात. तो उजेड काचतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो. तत्त्व आपल्या डब्यातल्या लेसरचंच, फरक शुद्धतेचा आणि वेगाचा. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमाराला, खोडदला शाळकरी मुलांचे प्रयोग मांडले जातात. कोकणातून तिथवर पोचायला दिवस मोडतो हे खरं, पण खाडीकाठच्या एखाद्या शाळेने हा प्रयोग घेऊन तिथे जावं, अशी माझी एक इच्छा आहे.

आता डायोडच्या स्वभावाकडे वळू, कारण इथेच बहुतेकांचा लेसर मरतो.

लाल लेसर डायोडमधून प्रवाह हळूहळू वाढवत नेला तर सुरुवातीला तो साध्या एलईडीसारखा मंद तांबूस दिसतो. वीस-तीस मिलिअँपिअरच्या आसपास एक उंबरठा येतो, आणि तो ओलांडला की उजेड एकदम उसळतो. तिथून पुढे प्रवाहाबरोबर उजेड जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. ही सरळ रेषा म्हणजेच आपलं मैदान. उंबरठ्याच्या वर, पण कमाल मर्यादेच्या बऱ्याच खाली, एक मधली जागा धरायची आणि आवाजाने प्रवाह तिच्या आजूबाजूला चार-पाच मिलिअँपिअर हलवायचा. खाली फार गेलं तर लेसर उंबरठ्याआड जातो आणि आवाज तुटक होतो, ते परवडलं. वर फार गेलं तर डायोडच्या टोकाची चकचकीत कड, जी त्याचा आरसा असते, मायक्रोसेकंदांत भाजते. बाहेरून काही दिसत नाही. धूर नाही, आवाज नाही. लेसर फक्त पुन्हा कधीच लेसर होत नाही, लालसर एलईडी होऊन राहतो. अंगावरच्या स्थितिक विजेनेही हेच होतं. आपल्या दमट हवेत तो धोका डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी वगळता कमी असतो, हे कोकणाचं एक न गायलेलं सुख.

यातून एक उलटी गंमत निघते. सर्वांत स्वस्त लेसर मॉड्यूलमध्ये डायोडच्या मागे फक्त एक रेझिस्टर असतो. असा मिळाला तर नशीब समजा. प्रवाह हलवला की उजेड मुकाट्याने हलतो. जरा बऱ्या, जरा महाग मॉड्यूलमध्ये उजेड स्थिर ठेवणारा रखवालदार बसवलेला असतो. डायोडच्याच डबीत मागच्या बाजूला छोटा फोटोडायोड असतो, तो उजेड मोजतो, आणि उजेड हलला की सर्किट प्रवाह बदलून तो जागेवर आणतं. शिवाय एक कपॅसिटर येणारे सगळे धक्के पिऊन टाकतो. आपण मेहनतीने चढवलेला आवाज या रखवालदाराला बिघाड वाटतो आणि तो इमानेइतबारे पुसून काढतो. म्हणून दुकानात ‘चांगल्यातला द्या’ म्हणू नये.

हिरव्या लेसरचा मोह तर पूर्ण टाळावा. तो डोळ्यांना जास्त उजळ दिसतो, किरणाची रेघ हवेत दिसते, आणि म्हणून तो सरस वाटतो. पण बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त उजेड निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. या साखळीला प्रवाहामागे पळायला वेळ लागतो. सेकंदाला काही हजार हेलकाव्यांपुढे ती धापा टाकते, आणि त्याआधीही प्रवाह-उजेड यांचं नातं वाकडंतिकडं असतं. स्वस्त मालात अवरक्त अडवणारी गाळणीही गाळलेली असते, मग डोळ्याला न दिसणारा आणि पापणीला न मिटवणारा उजेड बाहेर सांडतो. एकूण महाग, मंद आणि धोक्याचा.

जुन्या छंदी लोकांची एक युक्ती अजून सांगितली जाते. ट्रान्झिस्टर रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढायचा, त्याची एक गुंडाळी लेसरच्या बॅटरीबरोबर एकसरीत जोडायची, दुसरीत रेडिओचा आवाज सोडायचा. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र भिंतीवरून भिंतीवर पाठवायला एवढं पुरतं आणि समोरच्याचे डोळे विस्फारतात. पण बटण दाबताना-सोडताना गुंडाळी जो विजेचा झटका देते, तोच पुष्कळदा डायोडचा शेवटचा ठरतो. त्यापेक्षा दोन-तीन रुपयांचा बीसी-५४७ ट्रान्झिस्टर, प्रवाहाला लगाम घालणारा एमिटरमधला रेझिस्टर, आणि आवाज आत सोडणारा एक कपॅसिटर हे त्रिकूट कितीतरी शहाणं. त्यात रेझिस्टरच कमाल प्रवाह ठरवतो, म्हणून आवाज कितीही मोठा केला तरी डायोड वाचतो. सर्किट पाटीवर डाख लावण्याआधी लेसरच्या जागी साधा एलईडी लावून पाहावं. चुकलंच तर एलईडीच्या किमतीत चुकतं.

किरण बाहेर पडल्यावर त्याला अडवून हलवण्याचेही मार्ग आहेत. पॉकेल्स सेलसारख्या स्फटिकाला शेकडो-हजारो व्होल्ट लागतात, ध्वनिलहरींनी किरण वळवणारे मॉड्युलेटर मोटारसायकलच्या किमतीला येतात, आणि एलसीडीचा पडदा इतका आळशी की आवाज त्यात मावतच नाही. खिशाला यांतलं काही झेपत नाही, एवढं सांगून पुढे जाऊ.

ऐकणाऱ्या टोकाची खरी मजा लेसर लावण्याच्या आधीच सुरू होते. बागेतल्या दिव्याचा नाहीतर जुन्या कॅल्क्युलेटरचा सोलर सेल घ्या, तो एलएम-३८६ च्या छोट्या अँप्लिफायरला जोडा, आणि घरभर फिरा. एलईडीचा बल्ब घुंघुं करतो, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि उजेड दुप्पट, म्हणजे शंभर वेळा, वरखाली होतो. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं की टिकटिक ऐकू येते. देवापुढची समई जवळजवळ गप्प, वाऱ्याने ज्योत हलली तरच भुरभुर. माडाच्या झावळ्यांतून झिरपणारं ऊन खरखरतं. आणि उन्हाच्या कवडशातून एखादी माशी आडवी गेली तर तिच्या पंखांची गुणगुण थेट स्पीकरमध्ये येते, कारण तिचे पंखच उजेड कापत असतात. तासभर हे ऐकलेल्या पोराला मॉड्युलेशन समजावून सांगावं लागत नाही. त्याला कळलेलं असतं की आपल्या भोवतीचा सगळा उजेड आधीच काही ना काही बोलतो आहे, आपण त्यात आपली भर घालणार आहोत.

त्यातूनच अडचणही समजते. गावातला प्रत्येक बल्ब आपल्या रिसीव्हरच्या कानाशी शंभराच्या सुरात भुणभुणतो. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्यात गावपळण होते, रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत जातं, घरं बंद, दिवे बंद. उजेडावर आवाज पाठवायला याहून निवांत रात्री मिळणार नाहीत. फक्त त्या रात्री गावात पाऊल ठेवायचं नसतं, त्यामुळे या सुवर्णसंधीचा उपयोग शून्य! बाकीच्या रात्री काळ्या रंगाने आतून रंगवलेला पीव्हीसी पाइप भिंगापुढे लावायचा, म्हणजे समोरचा किरण सोडून आजूबाजूचं काही दिसणार नाही, आणि सर्किटमध्ये खालचे सूर गाळणारा एक कपॅसिटर टाकायचा. रिमोटसाठी बनलेला टीएसओपी-१७३८ नावाचा तयार रिसीव्हर लोक हौसेने इथे लावतात. तो फक्त अवरक्त उजेड घेतो, लाल लेसर त्याला दिसतच नाही.

दिशेचंही भान ठेवायला हवं. रिसीव्हरचं तोंड पश्चिमेकडे ठेवलं तर संध्याकाळी समुद्रात उतरणारा सूर्य आधी भिंगात उतरतो आणि फोटोडायोड जाळतो. बोलणारा पश्चिमेला, ऐकणारा पूर्वेकडे पाठ करून, असं कधी करू नये. नेम धरणं हा तर सगळ्यांत दमवणारा भाग. एक मीटर लांबीच्या पट्टीचं टोक एका मिलिमीटरने हललं की पाचशे मीटरवर ठिपका अर्धा मीटर सरकतो, म्हणजे रिसीव्हरवरून उडतोच. आचऱ्यातल्या पिरावाडीच्या पुळणीत तिकाटणं रोवून हे जमत नाही, वाळू बसत राहते. चिऱ्याच्या गडग्यावर लाकडी फळी, फळीला तीन स्क्रूंवर तोललेला लेसर, आणि एका वेळी पाव आटा. रिसीव्हरच्या शेजारी सायकलचा लाल रिफ्लेक्टर लावला, तर तो चमकला की बोलणाऱ्याला पलीकडे न विचारता कळतं.

हवेचं प्रकरण आमच्या किनाऱ्यावर वेगळं आहे. पावसापेक्षा धुकं वाईट, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पावसाचे थेंब मोठे आणि विरळ, त्यांच्यामधून उजेड बराचसा निसटतो. धुक्याचे कण मायक्रॉनांत मोजायचे, पण संख्येने इतके की किरण चारही दिशांना उधळला जातो. थंडीत पहाटे खाडीवर धुकं साचतं, तेव्हा चहा घ्यावा. दुपारी तापलेल्या कातळावरून आणि वाळूवरून हवेचे गरम थर उठतात, त्यातून किरण लवलवतो, आणि आवाज लाटेसारखा मोठा-लहान होत राहतो. संध्याकाळी सूर्य गेल्यावरचा तास उत्तम. या लवलवीवर सर्किटचाही इलाज आहे: आवाज थेट उजेडाच्या तीव्रतेत न ठेवता सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा लेसर चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा काळ आवाजाप्रमाणे लांबवायचा-आखडायचा. मग मधल्या हवेने उजेड निम्मा केला तरी चालू-बंदच्या वेळा बदलत नाहीत. ५५५ नावाची जुनी, दहा-पंधरा रुपयांची चिप हे काम करते. मात्र इतक्या वेगाला सोलर सेल पुरत नाही, फोटोडायोडच हवा. शिवाय खारा वारा आहेच. भिंगावर मिठाचा पापुद्रा चढतो, पाटीवरचं तांबं हिरवं पडतं. गोड्या पाण्याने भिंग धुणं आणि पाटीला नेलपॉलिशचा हात देणं, हे इथल्या माणसाने नियमातच बसवून घ्यावं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो, जी लेसरच्या पुस्तिकेत शोभत नाही. लांब पल्ल्याला लेसरच हवा असं नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर हौशी मंडळींनी डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर १६७ किलोमीटर आवाज पोचवला, तो ताकदवान एलईडी आणि प्लास्टिकच्या सपाट फ्रेनेल भिंगांनी. लेसरच्या एकसुरी उजेडावर हवेची लवलव जास्त जाचक ठरते. मोठ्या भिंगातून निघालेला एलईडीचा रुंद किरण ती सरासरीत जिरवतो. त्याच सुमाराला चेक देशातल्या एका हौशी माणसाने रोंजा नावाचं उपकरण आराखड्यासकट सगळ्यांना वाटलं. साधा एलईडी, धुराड्याचे पत्र्याचे पाइप, आणि १.४ किलोमीटरवर सेकंदाला दहा मेगाबिट. दुसऱ्या टोकाला गूगलच्या घरातून निघालेला तारा प्रकल्प, ज्याने काँगो नदीच्या दोन काठांवरची ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं जवळपास पाच किलोमीटरच्या अवरक्त किरणाने जोडली. तिथे आरसे आपोआप नेम धरतात. आपला नेम धरणारा पोरगा आहे, आणि त्याचे हात भरतात.

डोळ्यांबद्दल बोलायचं टाळणारी पुस्तिका हातात धरू नये. डोळ्यातल्या पडद्याला एक मिलिवॅटपर्यंतचा दृश्य किरण पापणी मिटेपर्यंत सहसा अपाय करत नाही. पाच मिलिवॅटचा करू शकतो. आणि जत्रेतल्या मालावर छापलेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवणार? जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला डायोड तर शंभर मिलिवॅटच्या पुढे जातो, त्याला हात लावू नये. किरण उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून नेऊ नये, आणि खाडीत होडीतल्या माणसाचा डोळा कुठल्या उंचीवर येतो हे भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं, ते तांडेलाला विचारावं. रिसीव्हर शोधायला दुर्बिणीतून लेसरकडे पाहणं म्हणजे मघाचा भिंगाचा हजारपट हिशेब स्वतःच्या डोळ्यावर करून घेणं. आकाशाकडे लेसर कधीच नाही. २०२१ पासून चिपीच्या विमानतळावर विमानं उतरतात, आणि वैमानिकाच्या काचेवर पसरलेला लाल डाग हा गुन्हा आहे. मच्छीमारांना आधी सांगून ठेवावं हेही महत्त्वाचं. बंदी असलेल्या एलईडी मासेमारीने या किनाऱ्यावर इतकी भांडणं लावली आहेत की रात्री पाण्यावर कुणी उजेड टाकतोय हे दिसलं, तर विचारपूस गोडीत होईलच असं नाही.

माल कुठून आणायचा, हा कोकणातला कायमचा प्रश्न. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या. आणि हल्ली टपालाने सगळंच येतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आधी यादी धाडली तर सर्वांत स्वस्त, मात्र यादीत पार्टचा नंबर पूर्ण लिहावा, नाहीतर तो ‘तसलाच दुसरा’ घेऊन येतो. डाखणी नसेल तर तिठ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बसून दोन-चार सांधे डाखून घेता येतात, चहाच्या मोबदल्यात.

पुस्तिकेचा क्रम वरच्या सगळ्यावरूनच ठरला आहे. पहिल्या भागात सोलर सेलने घरातले दिवे ऐकायचे. दुसऱ्यात भिंग, पाइप आणि फोटोडायोड यांचा रिसीव्हर उभा करायचा आणि अंगणाच्या टोकाला पेटवलेल्या एलईडीवर तो तपासायचा. तिसऱ्यात डबा, फुगा आणि आरसा. लेसर चौथ्या भागात येतो. तोवर तो विकत घेऊ नये. खाडी पाचव्या भागात आहे, आणि तिथे जाताना दोन माणसं, दोन शिट्ट्या आणि फोटोडायोड एखादा जास्तीचा बरोबर असू द्यावा.